आफ्रिकेच्या तळ्यांतले मासे : कोणाशेजारी कोणाला ठेवावे?

मुलांनो आणि पालकहो,

यंदा आपल्या वर्गातल्या चार-पाच घरांत काचेच्या टाक्या येणार आहेत असे कानावर आले. मासे कोणते हेही बहुतेकांचे ठरलेले आहे : दुकानात गेल्याबरोबर नजरेत भरणारे ते पिवळेधमक आणि निळेजर्द आफ्रिकन सिक्लिड. आमच्या घरी हे मासे बरीच वर्षे आहेत, म्हणून बाईंनी या अंकातला विज्ञानाचा पाठ आमच्याकडे सोपवला. पाठ मोठ्या गटासाठी आहे. लहान गटातल्या मुलांना आई-बाबांनी वाचून दाखवावा आणि अमोनियाचा भाग खुशाल गाळावा. आई-बाबांनी स्वतः मात्र तो गाळू नये.

आम्हाला नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा : "यातला कोणता मासा चांगला?" याला उत्तर नाही. मासा एकटा चांगला किंवा वाईट नसतो. तो कोणत्या पाण्यात, केवढ्या टाकीत आणि कोणाच्या शेजारी राहणार आहे यावर सगळे अवलंबून. लग्नाच्या वेळी पत्रिका एकट्या मुलाची किंवा एकट्या मुलीची जुळत नाही, दोन समोरासमोर ठेवाव्या लागतात, तसेच हे आहे. फरक एवढाच की न जुळणारी माणसे निदान वेगळ्या खोलीत जाऊन बसू शकतात. टाकीत दुसरी खोली नसते.

आधी या कुळाची थोडी ओळख करून घेऊ. सिक्लिड हे माशांचे एक मोठे कुळ आहे आणि ते आपल्याला वाटते तितके परके नाही. उजनी धरणाच्या काठी, भिगवणला, जी 'चिलापी' ताटात येते ती म्हणजे तिलापिया. ती मूळची आफ्रिकेची आणि सिक्लिड कुळातलीच. गोव्याच्या खाडीतला काळपट, ठिपकेदार 'कालुंदर' हाही सिक्लिडच, आणि तो तर अस्सल भारतीय. भारतात मूळच्या सिक्लिडांच्या तीन जाती आहेत. तेव्हा तुमच्या आजीने सिक्लिड तळून खाल्लेला असण्याची शक्यता बरीच आहे.

दुकानात 'आफ्रिकन सिक्लिड' या नावाखाली जे मासे मिळतात ते बहुतेक पूर्व आफ्रिकेतल्या तीन तळ्यांचे. तळे हा शब्द इथे अगदीच तोकडा पडतो. मलावी तळे मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या रस्त्याएवढे लांब आणि सुमारे ७०० मीटर खोल आहे. टांगानिका तर १,४७० मीटर खोल. बैकल सोडल्यास जगात त्याच्याइतके खोल दुसरे तळे नाही. व्हिक्टोरिया तुलनेने उथळ, जेमतेम ८० मीटर, पण विस्तार ६८,८०० चौरस किलोमीटर. सबंध कोकण त्यात दोनदा बुडवले तरी जागा उरेल. मलावीत सिक्लिडांच्या शेकडो जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही आढळत नाहीत. एवढ्या जाती एकत्र राहू शकतात त्या वाटणीमुळे. एक जात खडकावरचे शेवाळ खरवडते, दुसरी वाळू चाळते, तिसरी मोकळ्या पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपते, चौथी या तिघांची पिल्ले खाते. तळ्यात ही वाटणी मैलोन्‌मैल पसरलेली असते. आपण ती चार फुटांच्या काचपेटीत आणू पाहतो, आणि तिथेच अडचण सुरू होते.

आता पाणी. आपल्या शाळेच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत दोन सुंदर शब्द होते : सुफेन आणि दुष्फेन. फेन म्हणजे फेस. ज्या पाण्यात साबणाचा फेस सहज होतो ते सुफेन, होत नाही ते दुष्फेन. म्हणजे ज्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर आहेत ते. तिसरा शब्द सामू. पाणी आम्ल आहे की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा म्हणजे सामू. ७ म्हणजे मध्यावर, वर गेला की अल्कधर्मी. मलावीच्या पाण्याचा सामू साधारण ७.८ ते ८.६, टांगानिकाचा ९ च्या आसपास. दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनचे निऑन टेट्रा किंवा एंजल फिश मऊ, आम्ल पाण्यातले. या दोघांना एका टाकीत ठेवणे पाण्याच्याच पायरीवर बाद होते, स्वभावाचा विचार करायची वेळच येत नाही.

तुमच्या घरच्या नळाला काय येते? अमेरिकेत हे गावोगावी बदलते. सिॲटल, पोर्टलंड, न्यूयॉर्क शहर यांचे पाणी सुफेन. फिनिक्स, सॅन अँटोनियो, इंडियानापोलिसचे दुष्फेन. पाणीपुरवठा करणाऱ्यांना दरवर्षी पाण्याचा अहवाल ग्राहकांना द्यावा लागतो, त्यावरून अंदाज येतो. खात्री करायची तर थेंबांची चाचणी-पेटी आणून घरीच मोजावे. दुष्फेन पाण्याच्या गावात पुष्कळ घरांना सॉफ्टनर बसवलेला असतो. तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो, म्हणून टाकीसाठी सॉफ्टनरच्या आधी फुटणाऱ्या नळाचे पाणी घ्यावे. पाणी मऊ असेल तर फिल्टरमध्ये पोवळ्याचा चुरा ठेवता येतो किंवा खाण्याचा सोडा वापरता येतो : ५० लिटर पाण्याला एक चमचा, म्हणजे सुमारे ६ ग्रॅम, सोडा घातला की पाण्याची कार्बोनेट पातळी साधारण ४ अंशांनी वाढते. पण एक लक्षात ठेवा. आकडा तळ्याशी तंतोतंत जुळवण्याच्या मागे लागून आज ७.६, उद्या ८.६, परवा पुन्हा ७.८ असे करण्यापेक्षा ८ च्या आसपास स्थिर असलेले पाणी माशांना कितीतरी मानवते. दुकानातले मासे बहुतेक पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांतच वाढलेले असतात.

क्लोरीनचेही सांगून टाकतो. हंड्यात रात्रभर पाणी ठेवले की क्लोरीन उडून जातो हे आपल्याकडचे शहाणपण क्लोरीनपुरते खरे आहे. इथल्या पुष्कळ शहरांत क्लोरामिन घालतात. ते असे रात्रीत उडत नाही. त्यासाठी बाटलीतले औषध घालावेच लागते.

पुढचा भाग थोडा अवघड आहे, पण नव्या टाकीतले सर्वांत जास्त मासे यातल्या अज्ञानाने मरतात, म्हणून सावकाश वाचा.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. तो विषारी. निसर्गात जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो (तेही विषारी) आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो, जे बरेच सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू नसतातच. ते फिल्टरच्या स्पंजवर हळूहळू वस्ती करतात. चार ते सहा आठवडे लागतात. एवढे बहुतेक पुस्तकांत असते. आफ्रिकन सिक्लिडांच्या बाबतीत यात एक पेच आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो : एक कल्ल्यांतून सहज शिरणारा, घातक अमोनिया, आणि दुसरा त्या मानाने निरुपद्रवी अमोनियम. कोणते रूप किती, हे सामू ठरवतो. पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सियस असताना सामू ७.२५ असेल तर शंभर भागांतला एकच भाग घातक रूपात असतो. सामू ८.२५ झाला की नऊ भाग. ९.२५ ला तर निम्मे. म्हणजे मोजणीच्या पट्टीवर अमोनियाचा रंग तोच, आकडा तोच, पण सिक्लिडांच्या अल्कधर्मी पाण्यात विष नऊपट. निऑन टेट्राच्या टाकीत निभावून जाणारी हयगय इथे एका रात्रीत मासे उलटे तरंगवते. दुकानदार मग म्हणतो, "हे मासे नाजूकच असतात." तसे नाही. सिक्लिड चांगलेच काटक असतात. रिकाम्या घरात गॅस कोंडला असताना कोण काटक राहील?

म्हणून मासे आणण्यापूर्वी टाकी 'लावायची'. दही लावतो तशी. टाकीत पाणी, फिल्टर, हीटर सुरू करून त्यात मत्स्यालयासाठी मिळणारे अमोनियम क्लोराइड मोजून घालावे, दशलक्ष भागांत २ भाग होईल इतके. मग दररोज चाचणी. पहिले काही दिवस काहीच होत नाही. नंतर अमोनिया उतरतो, नायट्राइट चढते. बऱ्याच दिवसांनी तेही उतरते. घातलेला अमोनिया चोवीस तासांत संपून नायट्राइटही शून्य येऊ लागले की दही लागले. मग बरेचसे पाणी बदलून साठलेले नायट्रेट काढावे आणि लगेच मासे आणावेत. कोणा ओळखीच्यांची निरोगी टाकी चालू असेल तर त्यांच्या फिल्टरमधला जुना स्पंज मागून आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. ते विरजण. इथल्या थंडीत विरजण मागायला आपण एकमेकांकडे जातोच, त्यात ही एक भर. हे महिना-दीड महिन्याचे थांबणे मुलांना फार जड जाते, पण त्यांच्याकडून रोजच्या आकड्यांचा आलेख काढून घेतला तर दिवस जातात. आमच्या फ्रिजच्या दारावर असा आलेख होता, आणि मासे आल्यावरही मुलांनी तो उतरवू दिला नाही.

टाकी केवढी? मलावीच्या खडकातल्या माशांसाठी किमान चार फूट लांब. गॅलनपेक्षा लांबी पाहा. पाठलाग आडवा होतो, उभा नाही. ५५ गॅलनची आणि ७५ गॅलनची दोन्ही टाक्या चार फुटी असतात, पण ५५ ची रुंदी १३ इंच आणि ७५ ची १८ इंच. त्या पाच इंचांत दगडांच्या मागे पळायला एक बोळ मिळतो, म्हणून परवडत असेल तर ७५ ची घ्यावी. ती भरली की पाणीच सव्वासहाशे पौंडांच्या आसपास होते. शिवाय दगड. साध्या टेबलावर ठेवायचा विचार करू नका. दगड रचताना आधी दगड काचेच्या तळावर पक्के बसवावेत आणि मग वाळू ओतावी. हे मासे वाळू उपसतात. वाळूवर रचलेला दगड एक दिवस कोसळतो.

आता मुख्य गोष्ट, स्वभाव. मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या माशांना तिथले लोक 'म्बुना' म्हणतात. म्हणजे खडकमासा. पहिली दोन अक्षरे ओठ मिटून एकदम म्हणायची. वर्गात सराव करू. म्बुना नराला खडकाचा एक तुकडा हवा असतो. तिथे शेवाळ उगवते, ते त्याचे शेत. तिथेच माद्या येतात, तो त्याचा मांडव. दुसरा नर, त्यातही त्याच्याच रंगाचा, आला की तो धावून जातो. तळ्यात हरलेला मासा दहा फूट लांब जातो आणि भांडण मिटते. टाकीत दहा फूट नाहीत. हरलेला कोपऱ्यात जातो, जिंकणाऱ्याला तो अजून दिसतच असतो, म्हणून पुन्हा धावणे. हे दिवसभर चालते. परांच्या चिंध्या होतात, खाणे सुटते, आणि एका सकाळी तो मासा मेलेला सापडतो. मासा 'दुष्ट' आहे असे मुले म्हणतात. मासा जे तळ्यात करायचा तेच करतो आहे. पळायची वाट आपण काढून घेतली. तेव्हा ती दुसऱ्या मार्गाने परत देणे हे आपले काम.

कशी द्यायची? एक मार्ग दगडांचा : ढीग जवळजवळ पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत, मध्ये भरपूर बिळे, म्हणजे नजरेआड होता येते. दुसरा मार्ग ऐकायला उलटा वाटेल : मासे कमी न ठेवता जास्त ठेवायचे. टाकीत तीनच म्बुना असतील तर सर्वांत दुबळ्यावर सगळा मार पडतो. पंधरा असतील तर धाकदपटशा वाटला जातो, कोणी एकावर डूख धरत नाही. अर्थात याचा मोबदला द्यावा लागतो : दुप्पट ताकदीचे फिल्टर आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलणे. बादल्या उचलायला घरात कोणी तयार नसेल तर म्बुना आणू नयेत, हे आम्ही स्पष्टच सांगतो. तिसरा मार्ग हिशेबाचा : प्रत्येक जातीत एका नरामागे चार माद्या. एक नर, एक मादी अशी 'जोडी' दुकानात गोड दिसते, पण नर त्या एकीला सुखाने जगू देत नाही.

आहाराबद्दल थोडक्यात. शेवाळ खरवडणाऱ्या माशांचे आतडे फार लांब असते. त्यांना कोळंबीचे, मांसाचे जड खाणे रोज दिले तर पचत नाही; पोट फुगून मरण्याचा जो आजार या माशांत होतो त्यात चुकीचा आहार आणि सततचा ताण यांचा हात असतो असे अनुभवी लोक मानतात. उलट काही मासे जन्मजात शिकारी. मलावीतला लिव्हिंगस्टोनी तर वाळूवर आडवा पडून मेल्याचे सोंग घेतो; लहान मासे त्याला टोचायला आले की हा त्यांनाच गिळतो. असा नट आणि शेवाळखाऊ म्बुना यांना एकच ताट वाढता येत नाही. शिवाय नट वाढून दहा इंचांचा होतो. दुकानात तो अडीच इंचांचा असतो. दुकानात सगळेच अडीच इंचांचे असतात, हे घरी निघण्यापूर्वी आठवावे.

पाणी, आकार, आहार, स्वभाव हे चार गुण जुळले पाहिजेत. पाचवा मात्र जुळता कामा नये, तो म्हणजे रूप. दोन जाती दिसायला सारख्या असतील तर दोन संकटे येतात. नर एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात. आणि माद्या भलत्याच नराला आपला समजतात, मग संकरित पिल्ले होतात. आडवे पट्टे असलेली एकच जात, एकरंगी पिवळी एकच, एकरंगी निळी एकच, असे निवडावे. पिवळा लॅब आणि नारिंगी रंगाचा 'रेड झेब्रा' यांची जोडी दुकानात फार खपते. रंग शोभतात खरे, पण या दोघांचा संकर सर्रास होतो.

आता एक गणित करू. तीन जाती आणल्या तर किती जुळण्या तपासायच्या? प्रत्येक जातीचे आपसात : ३. आणि एकमेकांशी : पहिली-दुसरी, पहिली-तिसरी, दुसरी-तिसरी, आणखी ३. एकूण ६. सहा जाती आणल्या तर आपसातल्या ६ आणि एकमेकांतल्या १५, एकूण २१. जाती दुप्पट, तपासण्या साडेतीनपट. दहा जातींना ५५. यातली एक जरी जुळणी बिघडली तरी टाकी बिघडते. आमच्या संगणकाच्या धंद्यातही हेच आहे. भाग वाढले की भागांमधली भांडणे त्याहून वेगाने वाढतात. म्हणून नव्या टाकीत तीनच जाती. कागदावर तक्ता आखा, उभ्या आणि आडव्या दोन्ही बाजूंना तिन्ही नावे लिहा आणि प्रत्येक घरात पाचही गुण तपासून खूण करा. सहा घरे भरली की मग गाडीची किल्ली घ्यायची.

आमची स्वतःची शिफारस, ७५ गॅलनच्या टाकीसाठी, अशी.

पहिला पिवळा लॅब, पूर्ण नाव लॅबिडोक्रोमिस सेरुलियस. चार इंचांचा, म्बुनांमधला सज्जन. गंमत म्हणजे सेरुलियस या लॅटिन शब्दाचा अर्थ निळा! १९५६ साली ज्या ठिकाणच्या माशांवरून हे नाव पडले ते पांढुरके-निळसर होते. पिवळे भाऊबंद नंतर प्रसिद्धीला आले. नाव निळोबा आणि अंगरखा पिवळा. दुसरा गंजी रंगाचा, जांभळट झाक असलेला आयोडोट्रोफियस स्प्रेंगरी. दुकानात त्याला रस्टी म्हणतात. रूप साधे म्हणून मुले त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत, पण इतका शांत म्बुना क्वचित मिळतो आणि उजेडात त्याची जांभळी झाक सुरेख दिसते. तिसरा फिकट आकाशी रंगाचा सोकोलोफाय. तो या दोघांपेक्षा जरा तापट, म्हणून त्याला शेवटी सोडावे. तिघांचे रंग वेगळे, आकार जवळपास सारखा, स्पिरुलिना शेवाळाचे खाणे तिघांनाही चालते. प्रत्येकी एक नर आणि चार माद्या, एकूण पंधरा.

नर-मादी ओळखायचे कसे? पिवळ्या लॅबमध्ये लहानपणी ते जवळजवळ अशक्य. म्हणून प्रत्येक जातीची सात-आठ लहान पिल्ले आणावीत, वर्षभर वाढू द्यावीत आणि जास्तीचे नर दुकानाला परत द्यावेत. दुकान परत घेते का, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. मासे आणताना शांत जात आधी. नंतर कोणाची भर घालायची झाली तर त्या दिवशी दगडांची रचना बदलावी. सगळ्यांचेच घर हलले की जुन्या भाडेकरूंची मिजास उतरते.

काही मासे सुंदर असूनही पहिल्या टाकीत नकोत. ऑराटस हा सोनेरी-काळ्या पट्ट्यांचा. पिल्लू असताना देखणे, मोठा नर टाकीचा दादा. डेमासोनी जेमतेम तीन इंचांचा, गडद निळ्या पट्ट्यांचा. मूर्ती लहान पण कीर्ती महान : आपल्याच जातीवर इतका चिडतो की पाळायचा तर बारा-पंधरांचा जथा तरी हवा, नाहीतर एकही नको. मोरासारखा रंगणारा ऑलोनोकारा, म्हणजे पीकॉक, मुळात वाळूवर राहणारा, संथ. त्याला म्बुनांच्या गर्दीत टाकले की तो रंगच दाखवत नाही. त्याची वेगळी टाकी करावी.

आणि ज्यांच्याकडे जागाच नाही, अपार्टमेंटमध्ये तीस इंच लांबीची २० गॅलनची टाकीच बसेल, त्यांनी हिरमुसू नये. टांगानिकाचा मल्टिफॅसिएटस हा जगातल्या सर्वांत छोट्या सिक्लिडांपैकी एक, मादी इंचभराची. तो गोगलगाईच्या रिकाम्या शंखात राहतो. टाकीत तीन इंच वाळू, पंधरा-वीस शंख आणि सहा-सात मासे, बास. दुसरी कुठलीही जात घालू नका. हे मासे वाळू उपसून शंख पुरतात, शेजाऱ्याच्या अंगणात वाळू फेकतात, मोठी भावंडे आणि नवी पिल्ले एकत्र नांदतात. आमच्या मते एवढी करमणूक मोठ्या टाकीतही नाही.

आता दुकानातल्या त्या एका टाकीबद्दल, जिच्यावर नुसते 'असॉर्टेड आफ्रिकन सिक्लिड' असे लिहिलेले असते. भाव कमी, रंग नाना, नाव एकाचेही नाही. नाव माहीत नाही म्हणजे मोठेपणी आकार किती, खातो काय, तळे कोणते, काहीच माहीत नाही. तक्त्यातले एकही घर भरता येत नाही. त्यात संकरितही असतात. नाव लिहिलेला मासा दोन-चार डॉलर महाग पडला तरी तोच घ्यावा.

नावाला आम्ही इतके महत्त्व देतो त्याला आणखी एक कारण आहे. म्बुना मादी अंडी तोंडात घेते आणि सुमारे तीन आठवडे काहीही न खाता पिल्ले तोंडातच वाढवते. पहिल्यांदा फुगलेली हनुवटी आणि मिटलेले तोंड दिसले की घरात बारशासारखा उत्साह येतो. पिल्ले वाढतात, आपण ती मित्रांना देतो. ती संकरित असतील आणि आपण त्यांना पिवळा लॅब म्हणून दिले, तर खोटे नाव पुढे जात राहते. व्हिक्टोरिया तळ्यात १९५० च्या दशकापासून नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला. १९८० च्या दशकात त्याची संख्या भरमसाट वाढली, पाणीही बिघडले, आणि तिथल्या सिक्लिडांच्या शेकडो जाती नाहीशा झाल्या किंवा दिसेनाशा झाल्या. त्यांतल्या काही आज केवळ टाक्यांत उरल्या आहेत. ज्यांनी त्या नाव लिहून, भेसळ न होऊ देता सांभाळल्या त्यांच्या टाक्यांत. संकर झालाच तर ती पिल्ले आपल्या घरी सुखाने वाढवा, पण कोणाला देऊ नका. नकोसे झालेले मासे गावच्या तळ्यात किंवा ओढ्यात तर कधीही सोडू नका. फ्लोरिडात आफ्रिकेचा ज्यूएल फिश मोकळ्या पाण्यात पसरला आहे तो असाच माणसाच्या हातून.

आणि एक हिशेब मोठ्यांसाठी. हे मासे आठ-दहा वर्षे जगतात. आज दहा वर्षांचा असलेला मुलगा कॉलेजला जाईल तेव्हा टाकी घरीच असेल. बादल्या कोणाच्या वाट्याला येतील ते आजच ठरवलेले बरे.

स्वाध्याय

१. एक टाकी ४८ इंच लांब, १८ इंच रुंद व २१ इंच उंच आहे. एका गॅलनमध्ये २३१ घन इंच असतात, तर तिच्यात काठोकाठ किती गॅलन पाणी मावेल? एका गॅलनचे वजन ८.३४ पौंड धरून पाण्याचे वजन काढा.

२. चार जाती आणल्या तर किती जुळण्या तपासाव्या लागतील? तक्ता काढून मोजा. मोठ्या मुलांनी कितीही जातींसाठी चालेल असे सूत्र शोधावे.

३. 'सुफेन-दुष्फेन' प्रमाणे सु आणि दुस् लागून झालेल्या शब्दांच्या पाच जोड्या लिहा. एक आम्ही देतो : सुकाळ-दुष्काळ.

४. तुमच्या गावच्या पाण्याचा सामू आणि दुष्फेनता शोधून आणा. वर्गात फळ्यावर सगळ्या गावांचा तक्ता करू.

५. एका मित्राला वाढदिवसाला ३० गॅलनची टाकी मिळाली आहे. त्याला त्यात एक ऑराटस, एक लिव्हिंगस्टोनी, दोन पीकॉक आणि सहा निऑन टेट्रा ठेवायचे आहेत. त्याला मराठीत पत्र लिहा. मायना आणि शेवट नीट लिहावा, आणि त्याचे मन दुखवू नये. उत्तम पत्र पुढच्या अंकात छापू.